मुंबईला नाटक बघायला जायचंय? आधी परतीची गाडी ठरवा

तिकिटावर ‘महाकवी कालिदास’ एवढं वाचलं आणि मी पुढचं वाचलंच नाही. रात्री साडेआठचा प्रयोग. मी, आमचे हे, सासूबाई आणि नणंद असे चौघं सव्वाआठला आमच्या नाशिकला शालिमारच्या कालिदास कलामंदिरात हजर. आत कुठल्याशा शाळेचं स्नेहसंमेलन चालू. दारावरच्या काकांनी माझा मोबाइल हातात घेतला, लांब धरला, मग चष्मा कपाळावर चढवून जवळ धरला आणि म्हणाले, “ताई, हे मुलुंडचं आहे.”

मुलुंडलाही महाकवी कालिदास नाट्यमंदिर आहे. इथून दीडशे किलोमीटरवर. चारही तिकिटांवर पाणी सोडलं. सासूबाईंनी तेवढ्यात आत डोकावून पोरांचा कोळीगीतावरचा नाच बघून घेतला, त्यामुळे त्यांची संध्याकाळ काही वाया गेली नाही.

त्या दिवसापासून मी वही घातली. आमच्या भिशीतल्या आठ जणी वर्षातून दोन-तीनदा मुंबईला नाटकाला जातो आणि गाडीपासून खुर्चीपर्यंतचं सगळं खातं माझ्याकडे असतं. ओळखीतलं कोणी पहिल्यांदा जाणार असलं की फोन येतो, “कुठलं नाटक बघू गं?” मी म्हणते, ते सगळ्यात शेवटी. आधी सांग, परत कशी येणार आहेस?

दिवस, गाडी, मग नाटक

हा क्रम उलटा वाटतो, पण त्याला कारण आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मराठी व्यावसायिक नाटकाचं बुकिंग साधारण आठवडा-दहा दिवस आधी सुरू होतं. म्हणजे नाटकाची जाहिरात बघून ‘चला जाऊ या’ म्हणेपर्यंत गाडी वेटिंगला गेलेली असते. त्यापेक्षा रविवार पक्का करायचा, जाण्यायेण्याचं आरक्षण काढून टाकायचं आणि नाटकाची चिंता सोडायची. कुठल्याही रविवारी मुंबई-ठाण्यात मिळून डझनभर मराठी नाटकं लागलेली असतात. त्यातलं एकही बघावंसं वाटत नाही, असं आमच्या आठ जणींत आजवर झालेलं नाही. कुठलं बघायचं यावरून भांडण मात्र दर वेळी होतं.

आता वेळेचा हिशेब. मुंबईत सुट्टीच्या दिवशी नाटकाची सत्रं तीन: सकाळी अकराच्या आसपास (कमी असतात), दुपारी चार आणि रात्री आठ-साडेआठ. मध्यंतर धरून नाटक अडीच तासांच्या घरात जातं. चारचं नाटक सुटायला पावणेसात होतात. आपली परतीची पंचवटी एक्सप्रेस सीएसएमटीहून सव्वासहाला निघते. म्हणजे तुम्ही शेवटच्या प्रवेशाला टाळ्या वाजवत असता तेव्हा ती दादर सोडून पुढे गेलेली असते. पहिल्यांदा जाणारे हटकून इथेच फसतात: ‘सकाळच्या पंचवटीने जाऊ, चारचं नाटक बघू, संध्याकाळच्या पंचवटीने परत येऊ.’ हे होत नाही.

मग काय होतं?

सकाळच्या पंचवटीने जाऊन अकराचं नाटक, दुपारी जेवण, थोडी दादरची खरेदी आणि सव्वासहाची पंचवटी. हा सगळ्यात सुटसुटीत बेत, फक्त गाडीला उशीर झाला तर पहिला अंक हुकतो. म्हणून मी या बेतात दादर स्टेशनपासून पायी जाता येईल असंच नाट्यगृह घेते.

चारचं नाटक बघून रात्री साडेनवाच्या सुमारास सीएसएमटीहून सुटणारी देवगिरी एक्सप्रेस. दादरला चढा, मध्यरात्र उलटल्यावर नाशिकरोडला उतरा. आमचा नेहमीचा बेत हाच. मध्ये जेवायला निवांत वेळ मिळतो. आरक्षण मात्र हवंच. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, तेव्हा तिकीट काढताना त्या दिवसाची वेळ बघून घ्या.

दादरहून नाशिकची बस मिळते, पण रविवारी संध्याकाळी भिवंडी बायपासला काय परिस्थिती असते ते तुम्हाला मी सांगायला नको. कसाऱ्याची लोकल आणि पुढे शेअर जीप हा कॉलेजच्या पोरांचा मार्ग आहे. रात्री, आणि तोही गुडघे धरलेल्या मैत्रिणींना घेऊन, करू नये.

रात्री साडेआठचं नाटक बघायचं असेल तर मुक्काम करा. डोंबिवलीला मावशी किंवा ठाण्याला आतेभाऊ नाही असा नाशिककर विरळा.

आणखी एक. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो. कुठल्या स्टेशनांदरम्यान आणि किती वाजेपर्यंत, ते एक-दोन दिवस आधी जाहीर होतं. ठाण्याहून दादरला ‘अर्ध्या तासात’ पोचायचा हिशेब रविवारी दुपारी करू नका.

जे आपल्याकडे येणार आहे त्यासाठी मुंबई गाठू नका

माझं ठाम मत आहे आणि यावरून भिशीत दोन गट आहेत. चाललेलं व्यावसायिक नाटक आज ना उद्या कालिदासला येतंच. महापालिकेचं हे कलामंदिर २०१८ मध्ये नूतनीकरण होऊन पुन्हा उघडलं. खुर्च्या, वातानुकूलन, आवाज सगळं ठीकठाक आहे. मग दोन लोकप्रिय कलाकार, एक दिवाणखाना, एक सोफा, एक गैरसमज असं विनोदी नाटक बघायला चार तास गाडीत कशाला बसायचं? थांबा. ते बसमधून घाट चढून तुमच्याकडे येईल, सोफ्यासकट.

मुंबईला बघायचं ते जे येणार नाही किंवा आलं तरी अंग चोरून येईल. फिरता रंगमंच लागणारी, मोठं नेपथ्य असलेली नाटकं दौऱ्यावर निघताना नेपथ्य आटोपतं घेतात. पंधरा-वीस जणांचा ताफा आणि वादक घेऊन फिरणं निर्मात्याला परवडत नाही, म्हणून मोठी संगीत नाटकं इकडे कमी येतात. आणि प्रायोगिक नाटकं, ज्यांना शंभर-दोनशे माणसांचं छोटं सभागृहच लागतं, ती आपल्याकडे फार क्वचित येतात. शिरवाडकर आणि वसंत कानेटकर याच गावात बसून लिहीत होते, पण त्यांची गाजलेली नाटकं उभी केली ती मुंबईच्या संस्थांनी. गोदेकाठी लिहायचं आणि बघायला मुंबई गाठायची, ही आपली जुनीच रीत.

ज्याने उभ्या आयुष्यात नाटकच पाहिलेलं नाही, त्याने तर मुंबईपासून सुरुवातच करू नये. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नाशिक केंद्रावर होते तेव्हा सार्वजनिक वाचनालयाच्या परशुराम सायखेडकर नाट्यगृहात जाऊन बसा. तिकीट नाममात्र. चार नाटकं बघा. त्यातलं एखादं भयंकर निघेल, एखादं तुम्हाला रात्री झोपू देणार नाही. आपल्याला काय आवडतं ते कळायला यापेक्षा स्वस्त शाळा नाही, आणि ते कळलं की मुंबईचे पैसे नेमके खर्च होतात.

छोट्या सभागृहांपैकी तीन नावं लक्षात ठेवा. जुहूचं पृथ्वी, १९७८ मध्ये सुरू झालेलं, जेमतेम दोनशे खुर्च्यांचं. तिन्ही बाजूंनी प्रेक्षक आणि मध्ये नट. पहिल्या रांगेतल्याने पाय पसरले तर नटाला अडखळायला होईल. इथे खुर्चीचा नंबर नसतो, आधी येईल तो आधी बसेल, आणि नाटक सुरू झालं की दार बंद. मग नाशिकहून आलोय, गाडीला उशीर झाला, काही सांगून उपयोग नाही. सोमवारी बंद असतं. नोव्हेंबरात त्यांचा नाट्यमहोत्सव असतो. दुसरं नरिमन पॉइंटचं एनसीपीए. तिथल्या एक्सपरिमेंटल थिएटरमध्ये आणि ‘प्रतिबिंब’ या मराठी नाट्यउत्सवात बघण्यासारखं पुष्कळ मिळतं. तिसरं प्रभादेवीच्या रवींद्र नाट्यमंदिराच्या वास्तूतलं मिनी थिएटर.

वांद्रे-कुर्ला संकुलातलं नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर २०२३ मध्ये सुरू झालं. त्याच्या मोठ्या सभागृहात दोन हजार माणसं बसतात आणि परदेशी संगीतिका तिथे येतात. एकदा बघावं. तिकीट हजारांत जातं, म्हणून ‘एकदा’.

या सगळ्या ठिकाणांचे कार्यक्रम बरेच आधी जाहीर होतात. म्हणजे इथे मी वर सांगितलेला क्रम फिरवा: आधी प्रयोगाची तारीख, मग गाडी.

नाशिककराच्या सोयीने नाट्यगृहं

मुंबईकर ज्या क्रमाने नाट्यगृहं सांगतो तो आपल्या कामाचा नाही. आपण ईशान्येकडून येतो. त्यामुळे जे नाट्यगृह मुंबईकराला लांब, तेच आपल्याला जवळ.

स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर ठाणे. गडकरी रंगायतन मासुंदा तलावाच्या काठी आहे, तलावपाळीवर. आपल्या हायवेने माजिवडा गाठलं की मुंबईत शिरायची गरजच नाही. ठाण्यातच घोडबंदरच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे, तिथे गाडी लावायला गडकरीपेक्षा बरं पडतं. दोन्हींची नावं ‘ग’ आणि ‘घ’ने सुरू होतात आणि दोन्ही ठाण्यात; आमची एक मैत्रीण एकदा ‘ग’ला बसली आणि तिच्या नवऱ्याने गाडी ‘घ’ला लावली.

रेल्वेने जाणाऱ्यांनी कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर विसरू नये. पंचवटी कल्याणला थांबते, लांब पल्ल्याच्या पुष्कळ गाड्या थांबतात, आणि स्टेशनपासून रिक्षा पटकन मिळते. कल्याणला नाटक बघणं म्हणजे मुंबईला गेल्यासारखं वाटत नाही, अशी तक्रार आमच्यातल्या दोघी करतात. त्यांना दादरची खरेदी हवी असते, दुसरं काही नाही.

आणि मग दादर. शिवाजी मंदिर स्टेशनच्या पश्चिमेला, प्लाझा सिनेमासमोर, चालत सात-आठ मिनिटं. माटुंगा रोड स्टेशनच्या बाजूला नाट्य परिषदेचं यशवंत नाट्यमंदिर. प्रभादेवीला रवींद्र, सिद्धिविनायकाच्या अगदी जवळ. ही तीन एकमेकांपासून टॅक्सीने फार तर दहा-पंधरा मिनिटांवर. याचा फायदा असा की एका ठिकाणचा प्रयोग ऐनवेळी रद्द झाला तर त्याच सत्राला दुसरीकडे काही ना काही असतं. कलाकार आजारी पडतो, बुकिंग कमी होतं, प्रयोग रद्द होतात; मुंबईकर घरी जातो, आपण कुठे जाणार? म्हणून नव्याने जाणाऱ्याने या त्रिकोणातच राहावं.

विलेपार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर चांगलं आहे, पण दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडावी लागते. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे मुक्कामाशिवाय नको.

ही सगळी मोठी नाट्यगृहं मधूनमधून दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने बंद होतात. गेल्या वर्षी इथे पाहिलं होतं म्हणून या वर्षी चालू असेल असं समजू नका.

जाहिरात वाचायची कशी

अ‍ॅपवर नाटकांची यादी मिळते, पण नाटकाची खरी कुंडली वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत असते. आपल्या नाशिक आवृत्तीत मुंबईच्या जाहिराती सहसा नसतात. शनिवार-रविवारचा मुंबई आवृत्तीचा ई-पेपर उघडा, ‘लोकसत्ता’ किंवा ‘महाराष्ट्र टाइम्स’. एका पानावर चौकटीच चौकटी दिसतील.

चौकटीत तळाशी असं काहीतरी असतं: ‘शनि. रात्रौ ८.३० गडकरी, रवि. दु. ४ शिवाजी’. गावाचं नाव नसतं. ज्याला माहीत आहे त्याच्यासाठीच ती लिहिलेली असते. शिवाजी म्हणजे दादर. यशवंत म्हणजे माटुंगा, पण पुण्याला कोथरूडमध्ये यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे आणि पुण्याच्या प्रयोगाच्या जाहिरातीत तेही ‘यशवंतराव’ असतं. दीनानाथ पार्ल्याला. अत्रे कल्याणला, फुले डोंबिवलीला, भावे वाशीला. आणि कालिदास मुलुंडला. हे मी आता झोपेतही सांगेन.

‘शुभारंभाचा प्रयोग’ असेल तर मी जात नाही. पहिल्या आठ-दहा प्रयोगांत नाटक बसत असतं; प्रकाशयोजना चुकते, हशा कुठे येतो ते नटांना अजून कळलेलं नसतं. मुंबईत राहणाऱ्याने शुभारंभाला जावं, त्यात मजा असते. आपल्याला घाट उतरून जायचंय, शिजलेलं खाऊ. शतकी प्रयोगाला सत्कार आणि भाषणं असतात, नाटक अर्धा-पाऊण तास उशिरा सुटतं आणि देवगिरीआधीच्या निवांत जेवणाची घाई होते. जाहिरातीत प्रयोगाचा क्रमांक दिलेला असला तर वीसपासून ऐंशीपर्यंतचा मला सगळ्यात बरा वाटतो.

‘नव्या संचात’ याचा अर्थ मूळ कलाकार बदललेत. कधी नवा जास्त चांगला निघतो. पण तुम्ही एखाद्यालाच बघायला जात असाल तर जाहिरातीतली नावं नीट वाचा, मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या नावांवर जाऊ नका. ‘मोजकेच प्रयोग’ म्हणजे कलाकारांना मालिका-सिनेमातून तारखा मिळत नाहीत. हे नाटक दौऱ्यावर निघण्याची शक्यता कमी. माझ्या वहीत त्याच्यापुढे फुली पडते, म्हणजे मुंबईलाच बघायचं.

चौकटीत बारीक अक्षरात ‘सूत्रधार’ असं लिहून एक नाव आणि फोन नंबर असतो. हा नाटकातला सूत्रधार नव्हे, तर नाटकाची व्यवस्था बघणारा माणूस. पाच-सातपेक्षा जास्त तिकिटं एकत्र हवी असतील तर थेट त्यालाच फोन करावा. आम्ही आठ जणी एका रांगेत बसतो ते याच फोनमुळे. संवाद दर वेळी साधारण असा होतो:

“दादा, रविवारच्या चारच्या आठ हव्यात, एका ओळीत.”

“कुठून बोलताय?”

“नाशिकहून.”

“आम्ही पुढच्या महिन्यात नाशिकला येतोय की!”

बघा, एका फोनात कळलं. अशा वेळी मी दुसरं नाटक घेते.

प्लॅन आणि खुर्ची

शिवाजी मंदिरच्या खिडकीवर मी पहिल्यांदा तिकीट काढलं तेव्हा आतल्या गृहस्थांनी काचेखालून एक कागद सरकवला. सगळ्या खुर्च्यांचा छापील नकाशा. त्याला सगळे ‘प्लॅन’ म्हणतात. विकलेल्या खुर्च्यांवर निळ्या पेनाच्या तिरक्या रेघा. मी पहिली रांग रिकामी बघून हरखले आणि बोट ठेवलं. त्यांनी पेनाचं टोक सावकाश मागे नेत सहाव्या रांगेवर ठेवलं. “इथे बसा. तिथून फक्त नाकं दिसतात.”

मोबाइलवर तोच प्लॅन हिरव्या-करड्या चौकोनांत दिसतो, पण पेन मागे सरकवणारं कोणी नसतं. म्हणून सांगून ठेवते. पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावं लागतं आणि रंगमंचाची जमीन दिसत नाही. पाचवी ते दहावी रांग, मधला भाग, उत्तम. अगदी कडेच्या खुर्च्यांवरून नेपथ्याचा एक कोपरा झाकला जातो, आणि नेमकं त्याच कोपऱ्यातल्या दारातून कोणीतरी येतं. काही नाट्यगृहांत ‘ए’च्या पुढे ‘एए’ रांग असते. ‘ए’ म्हणजे पहिलीच असं धरू नका. प्लॅनमध्ये रंगमंच कुठल्या बाजूला दाखवलाय तेही बघा, मी एकदा उलटा धरून शेवटची रांग हौसेने घेतली आहे.

बाल्कनीला लोक उगीच नाक मुरडतात. संगीत नाटक, नृत्य, मोठं नेपथ्य असेल तर बाल्कनीची पहिली रांग झकास, आणि पैसे निम्मे. चेहऱ्यावरचं नाटक असेल, दोन माणसं हळू बोलणारी, तर खालीच बसा.

बरोबर वडीलधारे असतील तर मधल्या वाटेलगतची खुर्ची घ्या. मध्यंतरात त्यांना उठायचं असतं आणि आठ जणांचे गुडघे ओलांडून जाणं जिवावर येतं. लिफ्ट आहे का, जिने किती, हे नाट्यगृहाला फोन करून आधी विचारा. बाल्कनीचं तिकीट काढून मग जिना बघणं बरं नव्हे.

पैसे भरताना

बुकमायशोवर बहुतेक सगळं मिळतं. मराठी नाटकांसाठी तिकीटालय नावाचं वेगळं अ‍ॅपही आहे. ऑनलाइन काढलं की तिकिटावर सुविधा शुल्क चढतं. पण नाशिकहून खिडकीवर जाणार कोण? द्यावं.

नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यावर गेलं की १८ टक्के लागतो. म्हणून पुढच्या रांगांचा दर बऱ्याचदा बरोबर पाचशेवर येऊन थांबलेला दिसेल.

पैसे भरण्याचं बटण दाबण्याआधी चार गोष्टी मोठ्याने वाचा, मी घरात ओरडून वाचते: तारीख, वार, वेळ, गाव. अ‍ॅप कधी कधी तुमचं शहर आपोआप बदलतं, आणि नावं सारखी असली की माणूस फसतो. एकदा काढलेलं तिकीट रद्द करून पैसे मिळत नाहीत असं धरूनच चला. प्रयोग त्यांच्याकडून रद्द झाला तर मात्र पैसे खात्यावर परत येतात. रेल्वेचं तिकीट, ते तुमचं तुम्ही बघा.

क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि गटातल्या आणखी एकीला पाठवा. नाट्यगृहाच्या आत रेंज गायब होते आणि माझ्या मोबाइलची बॅटरी कसाऱ्यालाच संपलेली असते.

त्या दिवशी

सकाळी निघण्याआधी सूत्रधाराला किंवा नाट्यगृहाला एक फोन: प्रयोग आहे ना? हा फोन कोणी करत नाही. करा.

अर्धा तास आधी पोचा. तीन घंटा होतात, तिसरीनंतर अंधार. नंतर येणाऱ्याला मोबाइलच्या उजेडात खुर्ची शोधावी लागते आणि सगळे हळूच शिव्या घालतात. मोबाइल सायलेंटवर नको, बंदच करा. थरथरलेला फोनही पाचव्या रांगेतून रंगमंचावर ऐकू जातो, आणि नट प्रयोग थांबवून बोलतात. ते तुम्हाला उद्देशून असेल तर नाशिकपर्यंत तोंड लपवत यावं लागतं.

मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं. बटाटेवड्याला रांग असते. पडदा पडताच एकीने पळायचं, बाकीच्यांनी स्वच्छतागृहाची रांग धरायची. आम्ही पाळी लावून घेतली आहे.

नाटकानंतर देवगिरीला वेळ असतो तेव्हा दादरलाच जेवा. शिवसेना भवनासमोर आस्वाद आहे. थालीपीठ घ्या, साबुदाणा वडा घ्या, पियुष घ्या. मिसळ मागवू नका. वाईट असते असं अजिबात नाही, पण नाशिककराने परगावी मिसळ मागवली की तो चवीवर बोलू लागतो, मग रश्श्यावर, मग चुलीवर, आणि गाडी हुकते.

दादरला देवगिरी फार थांबत नाही. डबा कुठे येतो ते आधी बघून तिथेच उभ्या राहा. आठ जणी आणि खरेदीच्या पिशव्या एका दारातून चढायला वेळ लागतो. कल्याण गेलं की सगळ्या झोपतात, म्हणून इगतपुरीचा गजर एकीने लावायचा. नाशिकरोडहून शहरात यायला त्या वेळी रिक्षावाले मागतील ते द्यावं लागतं. आमच्या ओळखीचे एक रिक्षावाले भाऊ आहेत, त्यांना मी इगतपुरीहून फोन लावते. ते उचलतात आणि विचारतात, “ताई, आज कोणतं होतं?” मग नाशिकरोड ते इंदिरानगर मी त्यांना अख्खं नाटक सांगते.